किती जण आले? वेब ट्रॅफिक मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास आणि त्यातला अंदाज



समजा, तुम्ही गूगलवर शोधून हे पान उघडले. ते शेवटपर्यंत वाचले, त्यात वीस मिनिटे गेली आणि मग टॅब बंद केला. जुलै २०२३ पर्यंत जगातल्या असंख्य वेबसाइटवर युनिव्हर्सल अनॅलिटिक्स हे गूगलचे सॉफ्टवेअर बसवलेले होते. वेबसाइटवाल्याने मुद्दाम वेगळी सोय केली नसेल, तर या सॉफ्टवेअरने तुमची नोंद अशी केली असती: पाने एक, वेळ शून्य सेकंद, बाउन्स. म्हणजे दारापर्यंत आला आणि तसाच परत गेला. चुकून येऊन दोन सेकंदांत निघून गेलेल्या माणसाची नोंदही हुबेहूब हीच झाली असती.

यात कोणाची प्रोग्रामिंगची चूक नाही. एका पानावर किती वेळ गेला हे पुढचे पान कधी मागितले त्यावरून काढायचे: दुसऱ्या विनंतीची वेळ वजा पहिल्या विनंतीची वेळ. शेवटच्या पानानंतर पुढची विनंतीच येत नाही, त्यामुळे वजाबाकीला दुसरी संख्या मिळत नाही. अशा वेळी 'माहीत नाही' असे लिहायला हवे होते, तिथे शून्य लिहिले गेले आणि तेच शून्य पुढे सरासरीत मिसळले. नोट्स, शब्दकोश, बातमी, पाककृती अशी पाने लोक एकच उघडतात आणि काम झाले की जातात. अशा साइटवर या सरासरीचे काय होत असेल ते तुम्हीच पाहा.

पाठ्यपुस्तकांत या विषयाचा इतिहास साधारण असा असतो: आधी लॉग वाचणारी साधी सॉफ्टवेअर आली, मग पेज टॅग आले, मग क्लाउड आला; प्रत्येक पायरी आधीपेक्षा वरची. मला हा क्रम मान्य आहे, 'वरची' हा शब्द मान्य नाही. मी या सॉफ्टवेअरना एकच प्रश्न विचारतो: याला खरोखर काय माहीत आहे, याने काय गृहीत धरले आहे, आणि या दोहोंमधली रेष ते वापरणाऱ्याला दाखवते का?

लॉगच्या एका ओळीत काय असते

वेब सर्व्हर प्रत्येक विनंतीची एक ओळ लिहून ठेवतो. सर्न आणि एनसीएसएच्या सुरुवातीच्या सर्व्हरांपासून चालत आलेल्या कॉमन लॉग फॉरमॅटमध्ये सात गोष्टी असतात: विनंती करणाऱ्या मशीनचा पत्ता, ओळख (ही जागा बहुधा रिकामीच, तिथे आडवी रेघ असते), लॉगिन केलेल्याचे नाव (बहुतेक वेळा तेही रिकामे), वेळ, काय मागितले, उत्तराचा स्टेटस कोड आणि किती बाइट पाठवले. पुढे 'कंबाइंड' फॉरमॅटमध्ये आणखी दोन गोष्टी आल्या: कोणत्या पानावरून आला आणि ब्राउझर स्वतःचे नाव काय सांगतो.

ही यादी पुन्हा वाचा. त्यात माणूस कुठेच नाही. पत्ता आहे, पण तो मशीनचा, आणि तेही एकाच मशीनचा असेल असे नाही. तुमच्या हॉस्टेलचे सगळे वायफाय एका राउटरमागे असेल, तर बाहेरच्या सर्व्हरला तीनशे मुले एकाच पत्त्यावर दिसतात. आपल्या मोबाइल कंपन्या तर हजारो फोन एकेका आयपीव्ही४ पत्त्यामागे बसवतात. याच्या उलटही होते: वायफाय सोडून मोबाइल डेटावर आलात की तुम्ही एकटेच दोन पत्ते होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एओएलच्या प्रॉक्सी सर्व्हरांमुळे एकाच माणसाच्या विनंत्या वेगवेगळ्या पत्त्यांवरून येत. वर ब्राउझरचा किंवा मधल्या प्रॉक्सीचा कॅश असतो. पान तिथूनच मिळाले तर सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचतच नाही, म्हणजे ओळही नाही.

१९९३-९४ च्या सुमारास या ओळी मोजणारे पहिले प्रोग्रॅम आले. केविन ह्यूजेस यांचा गेटस्टॅट्स त्यातला एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या रॉय फील्डिंग यांचा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूस्टॅट हा दुसरा. फील्डिंग हे नाव तुम्हाला रेस्टच्या धड्यात भेटले असेल, तेच हे. हे प्रोग्रॅम ओळी मोजत आणि ओळीच मोजतो असे सांगत. अमुक फाइल अमुक वेळा मागितली गेली, अमुक तासाला इतके बाइट गेले. सर्व्हर सांभाळणाऱ्याला तेवढे पुरे होते.

गडबड सुरू झाली ती सर्व्हर सांभाळणाऱ्याव्यतिरिक्त इतर कोणी हा अहवाल मागू लागले तेव्हा. तिथे 'हिट' हा शब्द निसटला. हिट म्हणजे एक विनंती. पानात वीस चित्रे असतील तर एकदा पान उघडले की एकवीस हिट. चित्रे वाढवा, हिट वाढतील.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी एका कॉलेजात वेबसाइटचे काम माझ्याकडे आले. सर्व्हरवर वेबअलायझर होता. तो दर महिन्याला निळ्या-हिरव्या उभ्या दांड्यांचा सुंदर आलेख काढायचा. वरिष्ठांनी विचारले, "सर, महिन्याला किती लोक बघतात आपली साइट?" सगळ्यात उंच दांडी हिटची होती. मी तो सहा आकडी आकडा 'भेट देणारे' म्हणून लिहून सही केली. पुढच्या वर्षी लॉग नीट उघडून पाहिला, तेव्हा त्यात निम्म्याहून जास्त ओळी चित्रांच्या निघाल्या, बऱ्याच सर्च इंजिनांच्या रोबॉटच्या, आणि उरलेल्यांतला मोठा वाटा आमच्याच लॅबचा. तिथल्या प्रत्येक मशीनवर ब्राउझर उघडला की कॉलेजचेच पान येईल अशी सेटिंग मीच करून ठेवली होती. तोपर्यंत तो आकडा माहितीपुस्तिकेत छापून झाला होता. वेबअलायझरने मला फसवले नव्हते. त्याच्या माहितीपत्रकात हिट, फाइल, पान, साइट, भेट यांच्या व्याख्या स्वच्छ दिल्या आहेत, आणि भेटींचा आकडा हा बऱ्यापैकी जवळचा अंदाज समजावा असेही म्हटले आहे. मी आलेख पाहिला, माहितीपत्रक वाचले नाही.

ॲनालॉगचा नकार

माझ्या मते या इतिहासातले सर्वांत प्रामाणिक सॉफ्टवेअर ॲनालॉग. केंब्रिज विद्यापीठाच्या स्टॅटिस्टिकल लॅबोरेटरीतल्या स्टीफन टर्नर यांनी ते १९९५ मध्ये आणले. सी भाषेत लिहिलेले, अतिशय वेगवान आणि फुकट. दिसायला रुक्ष. त्याच्या अहवालात 'व्हिजिटर' हा शब्द शोधा, सापडणार नाही. त्या जागी किती वेगवेगळ्या होस्टना पाने दिली गेली, एवढाच आकडा असतो. होस्ट म्हणजे पत्ता. पत्ता म्हणजे माणूस असा दावा तिथे नाही.

टर्नर यांनी सॉफ्टवेअरबरोबर वेब कसे चालते हे समजावणारे एक प्रकरणही दिले आहे. अशा पुस्तिकेत सहसा आमचे सॉफ्टवेअर काय काय करू शकते याची जंत्री असते. इथे उलटी यादी आहे: वाचक कोण हे लॉगवरून कळत नाही, किती जण आले हे कळत नाही, किती भेटी झाल्या हे कळत नाही, माणूस साइटवर कोणत्या वाटेने फिरला, कुठून बाहेर पडला, किती वेळ वाचत होता, यातले काहीच खात्रीने कळत नाही. प्रत्येक 'नाही'मागे कारण दिले आहे आणि बहुतेक कारणे कॅश आणि प्रॉक्सी यांच्याशी येऊन थांबतात. कुकीने हे प्रश्न सुटत नाहीत, हेही तिथेच लिहून ठेवले आहे. त्याच काळात क्रॅनफील्ड विद्यापीठातल्या जेफ गोल्डबर्ग यांनीही एक टिपण लिहिले होते. वेबवापराची आकडेवारी निरर्थक आहे, किंबहुना निरर्थकापेक्षाही वाईट, असे त्याच्या शीर्षकातच होते. निरर्थकापेक्षा वाईट कशी? निरर्थक आकड्यावर कोणी निर्णय घेत नाही; या आकड्यांवर घेतात.

ॲनालॉगवर आक्षेप घेता येतात. सेटिंगची फाइल किचकट होती आणि आलेख पाहून कोणी खूश होईल असे नव्हते. 'होस्ट' हा शब्द व्यवस्थापकाला काही सांगत नाही, आणि प्रश्न विचारणाऱ्याला 'हे कळूच शकत नाही' एवढेच सांगून वाटेला लावणे ही एक प्रकारची अरेरावीही आहे. अंदाज बांधणे हा काही गुन्हा नाही; जनगणनेच्या अधल्यामधल्या वर्षांची लोकसंख्याही आपण अंदाजानेच सांगतो. सेशनचा अंदाज करून, त्याच्या शेजारी गृहीतक छापून ॲनालॉगला चांगला मधला मार्ग काढता आला असता. तो त्याने काढला नाही. ती जागा वेबट्रेंड्ससारख्या विकत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतली, आणि तिथे शेजारी गृहीतक छापण्यात कोणाला रस नव्हता.

तीस मिनिटे कुठून आली

आता त्या गृहीतकांतले सर्वांत मोठे पाहू. तुम्ही कोणतेही अनॅलिटिक्स उघडा, त्यात 'सेशन' किंवा 'व्हिजिट' असतेच. व्याख्या साधारण अशी: एकाच वाचकाच्या दोन विनंत्यांमध्ये ३० मिनिटांहून जास्त खंड पडला, तर दुसरी विनंती नव्या भेटीची. ३० च का? २० किंवा ४५ का नाही?

या रूढीचे मूळ शोधत गेले की बहुतेक जण १९९५ च्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात. जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेत लारा कॅटलेज आणि जेम्स पिटको यांनी ऑगस्ट १९९४ मध्ये तीन आठवडे १०७ जणांचा ब्राउझर-वापर नोंदवला. ब्राउझर होता एक्समोझॅक, आणि नोंद सर्व्हरवर नव्हे, वापरणाऱ्यांच्या बाजूला केली होती, म्हणून ती बरीच भरवशाची. दोन कृतींमधला सरासरी काळ ९.३ मिनिटे निघाला. त्यात दीड प्रमाण विचलन मिळवून त्यांनी मर्यादा धरली २५.५ मिनिटे. पुढच्यांनी ती गोळाबेरीज करून ३० केली.

अभ्यास चांगलाच होता. त्यांना आपल्या विदेचे तुकडे पाडायचे होते, त्यासाठी त्यांनी आपल्या विदेतूनच रेष काढली आणि ती कशी काढली हे लिहिले. प्रश्न पुढचा आहे. एका विद्यापीठाच्या संगणक विभागातली १०७ माणसे, युनिक्स वर्कस्टेशनसमोर बसलेली, टॅब नसलेल्या ब्राउझरवर. त्यांच्या सवयीवरून काढलेली रेष आज बसमध्ये फोनवर वाचणाऱ्या, मध्येच व्हॉट्सॲपवर जाऊन येणाऱ्या वाचकाला लावली जाते. आणि 'दीड' प्रमाण विचलनच का, हा प्रश्न संख्याशास्त्राच्या तासाला तुम्ही नक्की विचारला असता.

सॉफ्टवेअरमध्ये ही रेष एकसारखीही नाही. वेबअलायझरमध्ये मूळ सेटिंग १८०० सेकंद, म्हणजे अर्धा तास. लॉरां देस्तायेर यांच्या पर्लमध्ये लिहिलेल्या एडब्ल्यूस्टॅट्समध्ये एक तास. शिवाय एडब्ल्यूस्टॅट्स ओळखीचे रोबॉट बाजूला काढून त्यांचे खाते वेगळे दाखवते. वेबअलायझर मूळ सेटिंगमध्ये ते सगळ्यांत मिसळते. म्हणजे एकच लॉग फाइल, दोन सॉफ्टवेअर, आणि 'भेटी' या एकाच नावाखाली दोन वेगळे आकडे. त्यातला कोणता चुकीचा, या प्रश्नाला उत्तर नाही. युनिव्हर्सल अनॅलिटिक्स आणखी पुढे गेले होते: रात्रीचे बारा वाजले की चालू सेशन तोडून नवे सुरू. परीक्षेच्या आदल्या रात्री पावणेबाराला वाचायला बसलेला मुलगा सव्वाबारापर्यंत दोनदा येऊन गेलेला असे.

लॉग गेला, टॅग आला

कॅशची अडचण सोडवायला पेज टॅग आला. पानात जावास्क्रिप्टचा तुकडा ठेवायचा. पान कॅशमधून आले तरी तो तुकडा चालतो आणि दूरच्या सर्व्हरकडे एका पिक्सेलचे चित्र मागतो. त्या विनंतीत प्रत्येक वेळी नवा यादृच्छिक आकडा जोडलेला, म्हणजे ती स्वतः कॅशमध्ये अडकत नाही. जोडीला कुकी, जी नेटस्केपच्या लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये आणली होती. आता पत्त्यावर अवलंबून राहायला नको, ब्राउझरलाच क्रमांक द्यायचा. तांत्रिकदृष्ट्या ही खरी सुधारणा आहे आणि ती नाकारायचे कारण नाही. हॉस्टेलची तीनशे मुले आता तीनशे दिसू लागली. अर्थात कुकी ब्राउझर मोजते, माणूस नाही. तुमच्या फोनचा क्रोम, लॅपटॉपचा क्रोम आणि लॅबचा फायरफॉक्स, असे तुम्ही तीन जण. २०१९ पासून सफारी तर जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसते. आयफोनवर दर दहा दिवसांनी येणारा नेमाचा वाचक दर वेळी 'नवा'.

कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचा भाग थोडक्यात आटोपतो. सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी गूगलने २००५ मध्ये घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगल अनॅलिटिक्स फुकट देऊ केले. इतकी झुंबड उडाली की आठवडाभरातच नवी नोंदणी थांबवावी लागली. लिंकच्या शेपटीला आजही जे 'यूटीएम' दिसते, त्यातला यू हा अर्चिनचा. ओम्निचर ॲडोबीने २००९ मध्ये घेतली.

यात एक गोष्ट फार चर्चा न होता बदलली. लॉग तुमच्या डिस्कवर असायचा. १९९८ ची लॉग फाइल कोणी जपली असेल तर आजही ॲनालॉगमधून चालवता येईल आणि व्याख्या पटली नाही तर दुसऱ्या व्याख्येने पुन्हा मोजता येईल. टॅगची विदा मात्र ज्याचा टॅग त्याच्या घरी. युनिव्हर्सल अनॅलिटिक्सचे मोजणे १ जुलै २०२३ ला थांबले आणि वर्षभराने जुने अहवाल पाहण्याची सोयही गेली. ज्यांनी ते वेळेत उतरवून घेतले नाहीत, त्यांचा दहा वर्षांचा इतिहास गेला. उतरवलेलाही अहवालच, मूळ ओळी नाहीत.

त्याच्या जागी आलेल्या गूगल अनॅलिटिक्स ४ मध्ये शून्य सेकंदांची गंमत बरीच दुरुस्त झाली आहे. मध्यरात्रीची कात्रीही गेली. भेट दहा सेकंदांहून जास्त टिकली, किंवा दोन पाने पाहिली, किंवा साइटवाल्याने महत्त्वाची ठरवलेली एखादी कृती झाली, तर ती 'एन्गेज्ड'. वीस मिनिटे वाचणारे तुम्ही आता बाउन्स नाही. पण अकरा सेकंद थांबलेला माणूस आणि तुम्ही पुन्हा एकाच रकान्यात.

त्याहून गंभीर दोन गोष्टी आहेत. पहिली, तिथली वाचकसंख्या ही मोजणीही नाही. हायपरलॉगलॉगच्या सुधारित रूपाने काढलेला अंदाज आहे. अल्गोरिदम म्हणून तो उत्तम आहे, त्याच्या चुकीची मर्यादा गणिताने माहीत आहे, तुम्ही तो जरूर अभ्यासा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसरी गोष्ट मला खटकते. काही वाचक 'माझी नोंद नको' असे बटण दाबतात. साइटवाल्याने तशी सेटिंग ठेवली असेल आणि पुरेशी विदा असेल, तर अशा वाचकांचे वर्तन बाकीच्यांवरून मशीन लर्निंगने अनुमानित करून तो आकडा खऱ्या आकड्यात मिळवला जातो. गूगल हे लपवत नाही, मदत-पानांवर लिहिलेले आहे. पण अहवालात तुम्हाला दिसते ती एक संख्या, एकाच टायपात. त्यातले किती जण आले होते आणि किती जण आले असावेत, हे ती संख्या पाहून कळत नाही.

स्वतःच्या सर्व्हरवर चालणारे माटोमो मला यापेक्षा बरे वाटते. २००७ मध्ये पिविक म्हणून सुरू झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर २०१८ मध्ये माटोमो झाले. विदा तुमच्याकडे राहते, कोड वाचता येतो. पण त्याचीही भेट मूळ सेटिंगमध्ये १८०० सेकंदांचीच. जॉर्जिया टेकची ती १०७ माणसे तिथेही आहेत.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, सर, दुकान चालवायचे तर अंदाज लागतोच. आकडा बरोबर नसला तरी गेल्या महिन्यापेक्षा वाढला की घटला एवढे कळले तरी बास. बरोबर आहे, एका अटीवर: दोन्ही महिन्यांत मोजमाप तेच असले पाहिजे. मधल्या काळात ब्राउझरने कुकीचे आयुष्य कमी केले, सॉफ्टवेअरने रोबॉटची यादी बदलली किंवा सेशनची व्याख्या बदलली, तर वाढ कशाची ते सांगता येत नाही. दर वर्षी प्रोजेक्ट तपासताना मला 'आमच्या साइटला इतके युनिक व्हिजिटर आले' असे वाक्य भेटते. कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती, किती मिनिटांचा खंड, रोबॉट वगळले का, आपल्याच टीमचे फोन वगळले का, हे क्वचितच कोणी लिहिते. तोंडी परीक्षेत मी आता पहिला प्रश्न तोच विचारतो. मुले माझ्याकडे जसे पाहतात, तसाच मी त्या वर्षी माझ्या सहीकडे पाहत होतो.

या टिपणासोबत एक प्रात्यक्षिक करा. तुमच्या विभागाच्या सर्व्हरचा एक महिन्याचा लॉग मागून घ्या. त्यातल्या पत्त्यांचे शेवटचे आकडे आधी पुसून घ्या, कारण तो दुसऱ्यांच्या वापराचा कागद आहे. मग पायथनमध्ये वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम लिहा: पत्ता आणि ब्राउझर जुळला तर वाचक एकच असे धरा, आणि भेटी मोजा. खंड आधी ५ मिनिटांचा ठेवा, मग २५.५, मग ३०, मग ६०. प्रत्येक वेळी एकदा रोबॉटसकट आणि एकदा रोबॉट वगळून. असे आठ आकडे येतील. ते वहीत एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचे गृहीतक. मग तुमच्या कॉलेजच्या मुखपृष्ठावर तळाशी भेट देणाऱ्यांचा काउंटर असेल, तर त्याचा आकडा शेवटच्या ओळीत लिहा आणि त्याच्यासमोरची जागा भरता येते का पाहा.